आवाजाने जागा सोडली की

अनंत चतुर्दशीच्या दुपारी लालबागच्या एखाद्या मागच्या गल्लीत उभं राहावं. मिरवणूक अजून दोन चाळी पलीकडे असते. दिसत काहीच नाही, पण पायाखालच्या फरशीला आणि छातीच्या पिंजऱ्याला ती आधीच कळलेली असते. धप्, धप्, धप्, धप्. गाणं कुठलं ते ओळखू येत नाही, गातंय कोण तेही नाही. ६० हर्ट्झच्या, म्हणजे अगदी खर्जातल्या सुराची एक लाट पावणेसहा मीटर लांब असते, ती चाळीच्या कोपऱ्याला वळसा घालून येते. ५००० हर्ट्झची, म्हणजे वरच्या किणकिणत्या सुराची लाट जेमतेम सात सेंटिमीटरची. ती भिंतीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, माणसांच्या अंगावर अडते आणि तिथेच जिरते. मग ट्रक नाक्यावर वळतो आणि क्षणात ताशाची काडी, झांजेची किणकिण, गाण्याचे शब्द, सगळं एकदम मोकळं होतं. अंगावर काटा येतो तो त्या वळणावर.

अमेरिकन गायिका मॅडोना हिचं ‘हंग अप’ असंच सुरू होतं. आधी घड्याळाची टिकटिक. मग ॲबा या स्वीडिश गटाच्या १९७९ मधल्या ‘गिम्मी! गिम्मी! गिम्मी!’ची ओळखीची धून, पण बंद दाराआडून यावी तशी. वरचे सूर छाटलेले, नुसता गाभा. सूर गाळणारा फिल्टर हळूहळू उघडत जातो, धून जवळ येत जाते, आणि दार पुरतं उघडतं तेव्हा आपण नाचाच्या मैदानात असतो. त्या क्षणापर्यंत मॅडोना गायलेलीच नसते म्हटलं तरी चालेल. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गायिकेच्या पुनरागमनाचं गाणं, आणि पहिला मान दुसऱ्याच कुणाच्या धुनेला.

‘कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर’ हा अल्बम नोव्हेंबर २००५ मध्ये आला तेव्हा मॅडोना ४७ वर्षांची होती. आधीचा ‘अमेरिकन लाइफ’ हा २००३ चा अल्बम गिटारचा, राजकीय आशयाचा, आणि तिच्या मानाने कमी खपलेला. तिचं आता संपलं, असं बोललं जात होतं. त्यानंतर हे आलं, आणि ‘हंग अप’ ४१ देशांत पहिल्या क्रमांकावर गेलं. २००७ मध्ये अल्बमला इलेक्ट्रॉनिक-डान्स विभागातलं ग्रॅमी मिळालं. लोकांच्या डोळ्यांसमोर मात्र राहिला आहे तो व्हिडिओतला गुलाबी लिओटार्ड. नवा अवतार म्हटलं की आपण आधी कपडे बघतो, केस बघतो. गायकाचा खरा अवतार मिक्समध्ये, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकमेकांत बसवताना, बदलतो. आवाज कुठे ठेवला, किती ठेवला आणि कुणासाठी बाजूला सरकवला, यात तो असतो. नाचाच्या अल्बममध्ये तर गायिकेला आपल्या सिंहासनावरून उठून किक ड्रमला, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाच्या ठोक्याला, जागा द्यावी लागते. ते ज्यांना जमतं त्यांचा पुनर्जन्म होतो. ज्यांना जमत नाही, त्यांच्या नेहमीच्या गाण्याखाली नुसता ठेका चिकटवला जातो, आणि ते दुसऱ्याच ऐकण्यात कळतं.

जागा द्यायची म्हणजे काय करायचं, ते जरा जवळून बघू. लय मिनिटाला १२५ ठोक्यांची धरली तर दोन किकमधलं अंतर ४८० मिलिसेकंद. या पाऊण चुटकीत सगळा संसार मांडायचा असतो. किकचा मुख्य जोर ५० ते ६० हर्ट्झमध्ये. बेसही, म्हणजे सर्वांत खालच्या सुरांची साथही, तिथेच राहायला बघतो. दोघे एका वेळी बोलले तर दोघांचंही ऐकू येत नाही, नुसती घरघर होते. म्हणून बेसवर कॉम्प्रेसर, म्हणजे आवाज दाबणारं साधन, बसवतात आणि त्याचा लगाम किकच्या हातात देतात. यालाच साइडचेन म्हणतात. किक पडली की बेस चारसहा डेसिबलने खाली दबतो आणि पुढच्या १५०-२०० मिलिसेकंदांत वर येतो. हा वर येण्याचा काळ, म्हणजे रिलीज, चुकला की सगळं फसतं. तो ४०० च्या पुढे गेला तर बेस पुरता उभा राहण्याआधीच पुढची किक येते आणि गाणं कायम गुदमरल्यासारखं वाटतं. फार कमी ठेवला, ३०-४० वर आणला, तर बेसच्या सुरावर करकर उठते, कारण इतक्या खालच्या सुराची एक लाट पुरी व्हायलाच वीसेक मिलिसेकंद लागतात. बरोबर बसला की दोन किकच्या मधे बेस फुगतो, श्वास घेतल्यासारखा. फ्रेंच हाऊस या नाचाच्या संगीतातली ती प्रसिद्ध हेलकावणी इथूनच येते, आणि पाय आपोआप उचलला जातो तोही त्या फुगण्यावर, ठोक्यावर नव्हे.

आता आवाज. भावगीतात आवाज मधोमध, सर्वांत पुढे आणि भरदार असतो. वाद्यं त्याला हार घालायला उभी. इथे आवाजातला १०० हर्ट्झखालचा भाग सरळ कापून टाकतात. २०० ते ४०० मधली ऊबही थोडी काढतात, कारण तिथे बेसचे वरचे अंश, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, राहतात. उरतो तो पातळ, कोरडा, कानाजवळचा आवाज. मोठ्या सभागृहाची गुंज द्यायची नाही. दिली तर तिची शेपटी पुढच्या तीनचार ठोक्यांवर पसरते आणि ठेका चिखलात रुततो. तिच्याऐवजी मोजून दिलेला प्रतिध्वनी द्यायचा. १२५ च्या लयीत ३६० मिलिसेकंदांचा, म्हणजे पाऊण मात्रेचा. तो किकवर न पडता दोन किकच्या मधल्या फटीत पडतो. तीच ओळ तीनचारदा गाऊन एकावर एक ठेवायची आणि प्रत्येक ओळीचं शेवटचं व्यंजन एकाच जागी छाटायचं. चार ‘त’ चार वेगळ्या क्षणी पडले तर कुणी खडे टाकतंय असं वाटतं. सुटा ऐकला तर हा आवाज अगदी केविलवाणा लागतो. गायिकेला तो तसा ऐकवूच नये, असं मिक्स करणारे म्हणतात ते खरंच आहे.

मॅडोनाच्या बाबतीत हे काम प्रामुख्याने स्टुअर्ट प्राइस या ब्रिटिश निर्मात्याने केलं. २००४ च्या तिच्या ‘री-इन्व्हेन्शन’ दौऱ्याचा तो संगीत दिग्दर्शक होता. दौऱ्याचं नावच पुनर्जन्माचं, पण पुनर्जन्म झाला तो नंतर, लंडनमधल्या प्राइसच्या घरच्या छोट्या स्टुडिओत. या दोघांनी केलेली एक गोष्ट फार मोलाची आहे. गाणी तयार होत असताना त्यांच्या डब आवृत्त्या, तिचा आवाज काढून टाकलेल्या, क्लबांमध्ये वाजवून पाहिल्या गेल्या. आवाज ठेवला असता तर लोकांनी तिला ओळखलं असतं आणि नाव ऐकूनच नाचले असते. आवाजाशिवाय पाय हलतात का, हे पाहायचं होतं. ज्या कलाकाराचं सगळं साम्राज्य नावावर आणि चेहऱ्यावर उभं आहे, त्याने नाव-चेहरा-आवाज तिन्ही बाजूला ठेवून परीक्षेला बसायचं, याला छाती लागते.

आपल्याकडे ही परीक्षा रोज होते, फक्त कुणी तिला परीक्षा म्हणत नाही. गिरगाव, परळ, भांडुप, कळव्यापर्यंत घराघरांत बसून मिक्स बनवणारी मुलं आहेत. हलगी मिक्स, टपोरी मिक्स, ढोल मिक्स असे त्यांचे प्रकार. एक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, ट्रकवर लावून पाहिला जातो, आणि पहिल्या आठ मात्रांत पोरांचे हात वर गेले नाहीत तर तो पुन्हा लागत नाही. एवढा कडक परीक्षक कुठल्या कंपनीत नसेल. या मुलांचे कान फार तयार असतात, त्यांना दाद कमी मिळते. त्यांची अडचण बहुतेक वेळा खोलीची असते. मुंबईतली खोली दहा बाय दहा. दहा फूट म्हणजे तीन मीटरच्या किंचित वर, आणि दोन समांतर भिंतींत एवढं अंतर असलं की ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर तिथे अडकून उभा राहतो. म्हणजे नेमका किकचा सूर. भिंतीपाशी तो दुप्पट वाजतो, खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. खोली चौरस असल्याने लांबी आणि रुंदी दोन्हींचा खड्डा एकाच जागी पडतो, आणि खुर्ची नेमकी तिथेच ठेवलेली असते. मुलाला किक ऐकू येत नाही, तो ती वाढवत जातो, आणखी वाढवतो. ट्रकवर गेल्यावर तीच किक गाणं गिळून टाकते. दोष ट्रकला दिला जातो, नाहीतर स्पीकरवाल्याला.

उपाय फार महाग नाहीत. खुर्ची मधोमध न ठेवता समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर आणायची, दहा फुटांत पावणेचार फुटांवर. कोपऱ्यांत चार ते सहा इंच जाडीचे रॉकवूलचे, म्हणजे दगडी लोकरीचे पट्टे कापडात शिवून उभे करायचे. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून काही होत नाही. ते थोडी वरची किणकिण खातात, बेसला त्यांचा पत्ताही लागत नाही. १२० हर्ट्झखालचं सगळं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच, ठेवायचं, कारण ट्रकवर डावा-उजवा बहुतेक एकच असतो, आणि बेस दोन बाजूंना पसरवलेला असेल तर दोन बाजू एकमेकींना खोडतात. शेवटची तपासणी मोबाइलच्या स्पीकरवर. तो २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही वाजवत नाही. बेसला थोडं सॅच्युरेशन, म्हणजे हलकासा खरखरीतपणा, देऊन वरचे अंश दिलेले नसतील तर मोबाइलवर बेस नाहीसाच होतो, आणि गाणं पहिल्यांदा ऐकलं जाणार ते मोबाइलवरच.

ॲबाच्या धुनेकडे परत येऊ. तिथे एक तांत्रिक पेच आहे, तो इथल्या प्रत्येक रिमिक्सवाल्याला भेटतो. जुनं रेकॉर्डिंग १२० च्या लयीचं असलं आणि ते १२५ वर न्यायचं झालं, तर टेप जोरात फिरवल्यासारखं नुसतं वेगाने वाजवून भागत नाही. वेग चार टक्क्यांनी वाढतो आणि सूरही अर्ध्या सुराच्या सुमारे सत्तर टक्क्यांनी चढतो. पेटीवरच्या पांढरी दोन पट्टीचं गाणं ना पांढरी दोन राहतं ना काळी दोन होतं. त्यावर नवी पेटी वाजवली की कुत्रं रडल्यासारखं ऐकू येतं. म्हणून वेळ ताणायची, सूर तिथेच ठेवायचा. चारपाच टक्क्यांपर्यंत हे बेमालूम होतं. दहाबारा टक्क्यांच्या पुढे गेलं की टाळीची धार बोथट होते, आवाजात पाण्याखालचा भास येतो. १०२ च्या लयीचं जुनं गाणं ओढूनताणून १२५ वर नेलेलं असतं तेव्हा ऐकताना दाताखाली खडा लागतो, तो यामुळे. त्यातच जुन्या वादकांनी क्लिक, म्हणजे लय धरणारी यंत्राची टिकटिक, न लावता वाजवलेलं असतं. कडव्यात लय किंचित मागे, मुखड्यात किंचित पुढे. ती माणसाची लय आहे, तिला दर चार मात्रांनी हाताने खुणा लावून बसवावं लागतं. यंत्राला एकदाच लय सांगून सोडून दिलं तर दुसऱ्या कडव्यापर्यंत ठेका आणि धून हात सोडून चालायला लागलेले असतात.

आणि परवानगी. ॲबा आपली धून सहसा कुणाला देत नाहीत. त्याआधी फ्यूजीज या अमेरिकन हिप-हॉप गटाला दिली होती. मॅडोनाने पत्र आणि गाणं घेऊन माणूस स्टॉकहोमला पाठवला, आणि गीतकार-संगीतकारांत ॲबाच्या बेनी अँडरसन आणि ब्योर्न उल्व्हेअस यांची नावं लागली. इथे दोन हक्क वेगळे असतात हे लक्षात ठेवायला हवं: एक रचनेचा, दुसरा त्या ध्वनिमुद्रणाचा. मूळ तुकडा वापरला तर दोन्ही लागतात. नव्याने गाऊन-वाजवून घेतलं तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न मिटतो, रचनेचा मिटत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ३१सी या कलमानुसार कव्हर करायला मूळ मुद्रणानंतर पाच वर्षं थांबावं लागतं, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आधी भरावी लागते, आणि रचनेत मनमानी फेरफार करता येत नाहीत. जुन्या कोळीगीताचा मुखडा उचलून स्वतःच्या नावावर नवं गाणं चढवणं यात कुठेच बसत नाही. ज्या शाहिरांनी, कवींनी ते मुखडे दिले त्यांची घरं याच शहरात आहेत, एवढं तरी मनात असावं.

या सगळ्याचं मूळ शोधत गेलं तर म्युनिकला पोचतो, १९७७ ला. अमेरिकन गायिका डॉना समरचं ‘आय फील लव्ह’, जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट या निर्मात्यांचं. तोवर डिस्को म्हणजे व्हायोलिनांचा ताफा. इथे जवळजवळ सगळं ‘मूग’ नावाच्या सिंथेसायझरवर. ते यंत्र गरम झालं की सूर सोडायचं, म्हणून वीसतीस सेकंदांचे तुकडे घेत, पुन्हा सूर लावत, पुन्हा घेत बेसची ती न थांबणारी ओळ पुरी केली. डाव्या बाजूला मूळ सूर, उजवीकडे त्याचाच किंचित उशिरा येणारा प्रतिध्वनी; दोन मिळून दुगुनीत धावल्याचा भास. किक मात्र यंत्राची पटेना, ती ड्रमवादक कीथ फोर्सीने पायाने वाजवली. आणि या यंत्रावर समर गायली कशी? चर्चमधल्या गॉस्पेल गायनात तयार झालेला तिचा दणकट आवाज तिने पूर्ण मागे ठेवला. मोजके शब्द, वरच्या पट्टीत, हवेसारखे. तिथून पुढे प्रत्येक नाचाच्या अल्बमने हाच वसा घेतला आहे. ‘कन्फेशन्स’च्या दौऱ्यात मॅडोनाने आपल्या ‘फ्यूचर लव्हर्स’मध्ये हेच गाणं मिसळून पहिला प्रवेश घेतला. ऋण असं जाहीर फेडलं की आनंद होतो.

१९९८ हे वर्ष या बाबतीत दोनदा मोजावं लागतं. वर्षाच्या सुरुवातीला मॅडोनाचा ‘रे ऑफ लाइट’ आला, निर्माता विल्यम ऑर्बिटसोबतचा. त्याआधी ‘एव्हिटा’ या चित्रपटासाठी तिने गळ्याची तालीम घेतली होती, आवाज खुलला होता, आणि शीर्षकगीतात ऑर्बिटने तिला सोयीच्या पट्टीपेक्षा अर्ध्या सुराने वर गायला लावलं. तो किंचित ताण गाण्यात ऐकू येतो, आणि तोच त्या गाण्याचा प्राण आहे. आरामात गायलेलं असतं तर ते सुंदर झालं असतं, पेटलं नसतं. त्याच वर्षाच्या अखेरीस शेर या अमेरिकन गायिकेचं ‘बिलीव्ह’. वय ५२. ऑटोट्यून हे बेसूर सावरायचं साधन, गुपचूप वापरायचं. त्याचा दुरुस्तीचा वेग शून्यावर नेला की सूर एका पायरीवरून दुसरीवर घसरत न जाता उडी मारतो. आपल्या भाषेत, मींड कापली जाते. निर्मात्यांनी सुरुवातीला ती युक्ती लपवली, दुसऱ्याच यंत्राचं नाव सांगितलं. कंपनीला तो परिणाम नको होता, शेरने तो काढू दिला नाही. पस्तीसेक वर्षं कमावलेला घोगरा, ओळखीचा आवाज यंत्राच्या हवाली करायचा आणि त्यातूनच पुन्हा ओळख मिळवायची, हे तिला कळलं होतं.

मींड कापण्याचा हा प्रयोग लंडनमध्ये झाला, त्याच्या सोळा वर्षं आधी मुंबईत उलटा प्रयोग झाला होता: यंत्राकडून मींड वाजवून घेण्याचा. चरणजीत सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रं घेऊन दहा रागांचा डिस्को ठेक्यावरचा अल्बम केला, एचएमव्हीने तो काढला. टीआर-८०८ वर ठेका, ज्युपिटर-८ वर रागाची चाल, आणि टीबी-३०३ वर बेस. ३०३ बनवलं होतं एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला साथ म्हणून. त्या कामात ते फसलं, १९८४ मध्ये बंदही झालं. पण त्यात सोळा घरं असतात, तीनतालाच्या मात्रांइतकी, आणि प्रत्येक घराला लागू करता येतील अशी दोन खास बटणं. एक जोराचं, दुसरं स्लाइडचं, म्हणजे या सुरावरून पुढच्यावर न तुटता सरकायचं. कीबोर्डवर रागदारी लंगडी पडते ती याच्यामुळे, की दोन पट्ट्यांच्या मधली जागाच नसते. ३०३ ने ती थोडी तरी दिली. मालकंस, यमन, मेघमल्हार त्या यंत्रावर धावतात तेव्हा अजूनही चकित व्हायला होतं. शिकागोत याच यंत्रातून ॲसिड हाऊस हे नाचाचं संगीत निघालं ते १९८७ च्या सुमारास. चरणजीत सिंगांचा अल्बम त्या वेळी कुणी फारसा घेतला नाही. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला, जगभर गाजला, आणि २०१५ मध्ये ते गेले. त्यांना ती पाच वर्षं तरी मिळाली. वीस मिळायला हवी होती.

आणि गायिका म्हणून बघायचं तर आपल्याकडे आशा भोसले आहेतच. सांगलीत जन्म, नाट्यसंगीताच्या घरातला गळा, हजारो गाणी मागे, आणि साठी ओलांडल्यावर संगीतकार लेस्ली लुईससोबत ‘जानम समझा करो’ हा अल्बम. त्यात त्यांनी हरकती, म्हणजे गळ्याची बारीक नक्षी, किती आवरल्या आहेत ते मुद्दाम ऐकावं. ज्या गळ्याला काहीही अशक्य नाही त्याने एखादी जागा मोकळी सोडली की ती मोकळी जागा ऐकू येते. ज्याच्याकडे मुळात हरकत नाही त्याने सोडलेली जागा नुसती रिकामी असते.

मराठीत कुणी असा पूर्ण अल्बम करायला घेतला, एकेक गाणं नव्हे, तर दहाबारा गाण्यांचा, न थांबणारा, तर पहिली अडचण ठेक्याची येईल. आपल्या किती तरी कोळीगीतांना, लावण्यांना सहा मात्रांचा झोका असतो. हाऊसचा ठेका चारचा, आणि त्याची हाय-हॅट, म्हणजे ड्रमसंचातली झांजांची जोडी, प्रत्येक मात्रेचे चार समान तुकडे करते. १२५ च्या लयीत एक तुकडा १२० मिलिसेकंदांचा. झोक्यात मात्रेचे तीन तुकडे पडतात, १६० चे. दोन्ही एकाच वेळी वाजले की ढोलकी अडखळते आहे असं वाटतं, आणि दोष बिचाऱ्या ढोलकीवाल्यावर जातो. नेहमी केलं जाणारं काम म्हणजे ढोलकीला चारच्या साच्यात कोंबणं. त्यात होडीचा डोल मरतो. किक चारवरच ठेवावी, तिला हात लावू नये. हाय-हॅट, शेकर, बेस सगळे तीनच्या तुकड्यांवर आणावेत. टाळी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर हलकीच ठेवावी, नाहीतर काढूनच टाकावी. लय ११६-११८ वर उतरवावी, कारण तिनाचा झोका १२५ च्या वर घाईचा वाटतो. किकचा सूरही पाहावा. गाणं पांढरी दोनमध्ये असेल तर खालचा षड्ज सुमारे ३७ हर्ट्झवर येतो, तो बहुतेक स्पीकरना झेपत नाही. किक पंचमात, ५५ हर्ट्झवर लावली की ती मोठीही वाजते आणि सुरातही राहते.

गाण्यांची सांधेजोड हा दुसरा भाग. ‘कन्फेशन्स’ची १२ गाणी सुमारे ५६ मिनिटं एकमेकांत विरघळत जातात. असं जोडताना जुन्या गाण्याची शेवटची ६४ मात्रांची पट्टी मोकळी ठेवतात, म्हणजे तीनतालाची चार आवर्तनं, जवळजवळ ३१ सेकंद. आधी नव्या गाण्याची किक आणि हाय-हॅट आत येते, बेस जुन्याचाच. मग बरोबर समेवर जुना बेस बंद, नवा सुरू. दोन बेस एकत्र चार मात्राही चालले तर गढूळ होतं. षड्ज बदलायचा तर पंचमाच्या किंवा मध्यमाच्या नात्याने, पांढरी दोनवरून पांढरी सहा नाहीतर पांढरी पाच. अर्ध्या सुराने सरकलं की मधल्या अर्ध्या मिनिटात दोन्ही गाणी एकमेकींना बेसूर ठरवतात. हा सगळा क्रम गाणी लिहायच्या आधी कागदावर यावा लागतो, कारण गायिकेची पट्टी तो ठरवतो. ‘मी काळी पाचमध्येच गाते’ हा हट्ट इथे चालत नाही.

हे ऐकून एखाद्या गायिकेला वाटेल, माझ्यासाठी उरलं काय? तिने एकदा सकाळच्या गाडीतल्या भजनी डब्यात उभं राहून ऐकावं. टाळ दहाबारा, पखवाज नाहीतर नुसता डब्याचा पत्रा, खाली रुळांच्या सांध्यांचा ठेका. बुवा अभंगाची ओळ उचलतात, भरल्या गळ्याने, सगळे मागे घेतात. लय चढत जाते, ओळ लहान होत जाते, शेवटी नुसतं नाम उरतं. दादर मागे पडतं, परळ जातं, आणि मग भायखळ्याच्या अलीकडे कुठेतरी बुवा गायचेच थांबतात. डोळे मिटलेले, हात फक्त टाळावर. दोन आवर्तनं नुसते टाळ आणि रूळ. सगळा डबा त्या मोकळ्या जागेत वाट बघत असतो, दाराशी लटकलेली मुलंसुद्धा. तिसऱ्या समेला बुवा वरचा षड्ज लावतात, एकच अक्षर, आणि लगेच सोडून देतात.